‘खोलीचे तापमान’ आणि गोठविलेले नाळरक्त : वितळवणीविषयक संशोधनाचे परीक्षण

नाळरक्ताच्या साठवणुकीविषयी १९८८ नंतर जे शास्त्रीय वाङ्मय निर्माण झाले ते आता बरेच विस्तृत झाले आहे. ते क्रमाने वाचू लागले असता एक विषमता प्रथमदर्शनीच जाणवते. रक्त गोठवावे कसे, याविषयी पानेच्या पाने लिहिलेली आढळतात. थंड करण्याचा वेग मिनिटागणिक नोंदविलेला असतो, संरक्षक द्रव्याचे प्रमाण काटेकोरपणे दिलेले असते. परंतु गोठविलेले रक्त पुन्हा वितळविले कसे, हे सांगण्याची वेळ आली की, ‘पेशी ३७ अंशांच्या पाण्यात त्वरेने वितळविल्या व धुऊन घेतल्या’ अशा आशयाच्या एकाच वाक्यात पुष्कळसे निबंध मोकळे होतात. त्वरेने म्हणजे किती मिनिटांत, धुतल्या म्हणजे कोणत्या द्रवाने व किती सावकाश, मधल्या वेळात पिशवी कोठे ठेवली होती आणि त्या खोलीत उष्णता किती होती, हे सारे वाचकाने समजून घ्यावयाचे. गोठविण्याचे काम यंत्राकडे गेले आणि वितळविण्याचे काम हाताकडे राहिले, हे याचे एक कारण असावे. हाताच्या कामाची नोंद ठेवण्याची सवय प्रयोगशाळांना सहसा नसते. परंतु साठविलेल्या पेशींपैकी रुग्णाच्या उपयोगी किती पडतील, हे ज्या अर्ध्या-पाऊण तासात बऱ्याच अंशी ठरते, तो अर्धा-पाऊण तास याच एका वाक्यात दडलेला आहे.

ही उणीव पुण्यामुंबईच्या वातानुकूलित दालनातून तितकीशी दिसत नाही. जळगाव जिल्ह्यातील वरणगावासारख्या गावावरून पाहिले असता ती स्पष्ट होते. भुसावळच्या पूर्वेस, नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हे गाव आयुधनिर्माणीमुळे सर्वपरिचित आहे. येथे प्रसूत झालेल्या स्त्रीच्या नाळेतील रक्त साठवावयाचे झाले तर ते गावात राहू शकत नाही. त्याला पेढीपर्यंतचा प्रवास करावा लागतो, आणि पेढी मुंबईची असेल तर तो प्रवास लोहमार्गाने सुमारे साडेचारशे किलोमीटरांचा होतो. पुढे काही वर्षांनी त्या रक्ताचा उपयोग करण्याची वेळ आलीच, तर ते तिसऱ्याच एखाद्या शहरातील रुग्णालयात, ज्यांनी ते गोळा केले नाही व गोठविलेही नाही अशा माणसांच्या हातून वितळविले जाईल. ‘नाळ पुरलेली जागा’ हा शब्दप्रयोग ज्या भाषेत गावाशी असलेल्या नात्यासाठी रूढ झाला, तिच्याच बोलणाऱ्यांची नाळ आता गावापासून सर्वांत दूर जाणारी वस्तू ठरू लागली आहे. तिच्या या प्रवासातील प्रत्येक टप्पा वेगळ्या माणसाच्या जबाबदारीचा असतो, आणि संशोधनपर निबंधांत मात्र हे सर्व टप्पे बहुधा एकाच प्रयोगशाळेतील एकाच टेबलावर पार पडलेले असतात.

गोठविलेल्या पेशी वितळविण्याचे काम खानदेशाला नवे आहे, असे मात्र समजण्याचे कारण नाही. कृत्रिम रेतनाची सोय असलेल्या गुरांच्या दवाखान्यात द्रव नत्राचे पात्र असते, आणि त्यातील बारीक नळीतील वीर्य सुमारे ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून वितळविणे हा तेथील नित्याचा विधी आहे. १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने गोठविलेल्या वीर्याचा प्रसार महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत केला. नळी पाण्यात जास्त वेळ राहिली, पाणी थंड होते, किंवा वितळविलेली नळी हातात धरून गोठ्यापर्यंत उन्हातून चालत गेले, तर त्याचा परिणाम काय होतो, हे पशुवैद्याला पुस्तकाशिवायही ठाऊक असते. गाय तीन आठवड्यांनी उलटते, आणि चूक कोठे झाली याचा विचार त्याला करावा लागतो. नाळरक्ताच्या बाबतीत अशी शिकवण मिळत नाही. पिशवी एकच असते, ती एकदाच वितळते, आणि रोपण रुजले नाही तर त्याची कारणे इतकी संभवतात की वितळविणाऱ्या हाताकडे कोणाचे लक्षही जात नाही. शिवाय वीर्याची नळी पाव किंवा अर्धा मिलिलिटरची, तर नाळरक्ताची पिशवी पुष्कळदा २५ मिलिलिटरची असते. नळीत जी उष्णता क्षणात आतपर्यंत पोहोचते तिला पिशवीच्या मध्यापर्यंत जाण्यास वेळ लागतो. कडेचे रक्त वितळून कोमट होते त्या वेळी मध्यभागी बर्फ असतो.

गोठवणीचे तत्त्व येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनी १९४९ साली ग्लिसरीनच्या साहाय्याने कोंबड्याचे वीर्य गोठवून जिवंत ठेवून दाखविले. १९५९ साली लव्हलॉक व बिशप यांनी डायमिथिल सल्फॉक्साइड, म्हणजे डीएमएसओ, हे द्रव्य पुढे आणले. पेशी फार सावकाश थंड केल्या तर बाहेर बर्फ होत जातो, उरलेल्या पाण्यातील क्षारांची संहती वाढते आणि पेशी कोरड्या पडून मरतात. फार वेगाने थंड केल्या तर पेशींच्या आतच बर्फाचे स्फटिक होतात. मेझर यांनी १९७२ साली मांडलेल्या या द्विविध हानीच्या उपपत्तीने रक्तजनक पेशींसाठी मिनिटाला सुमारे एक अंश हा वेग योग्य का ठरतो, याचा उलगडा केला. उणे १९६ अंशांवरील द्रव नत्रात मग काळ जवळजवळ थांबतो. ब्रॉक्समायर व त्यांचे सहकारी यांनी १५ वर्षे साठविलेल्या नाळरक्तातील पेशी कार्यक्षम असल्याचे २००३ साली, व वीस वर्षांहून अधिक काळ साठविलेल्या पेशीही तशाच असल्याचे २०११ साली दाखविले. म्हणजे धोका साठवणुकीच्या काळात फारसा नाही. तो आत जाताना आणि बाहेर येताना आहे. पेढ्यांची माहितीपत्रके मात्र वर्षांच्या आकड्यावरच भर देतात. बाहेर येतानाच्या धोक्याविषयी त्यांत क्वचितच काही असते.

या वाङ्मयाचा पाया मानला जाणारा निबंध ब्रॉक्समायर व सहकारी यांनीच १९८९ साली प्रसिद्ध केला. त्याच्या पूर्वीच, ऑक्टोबर १९८८ मध्ये, पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी पंडुरोगाने पीडित एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीचे नाळरक्त देऊन पहिले रोपण केले होते. अमेरिकेत गोठविलेले हे रक्त अटलांटिक ओलांडून पॅरिसला नेण्यात आले आणि वितळविल्यानंतर न धुताच मुलाला दिले गेले. न धुण्याचे कारण १९८९ च्या निबंधात सापडते: वितळविलेल्या पेशी धुतल्या असता जनकपेशींचा मोठा नाश होतो, असे त्या प्रयोगांत दिसून आले होते. वितळवणीला दुय्यम न मानणारा हा निबंध, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पुढील निबंधकारांनी त्याचे निष्कर्ष घेतले. ही सावधगिरी मात्र बऱ्याच जणांनी घेतली नाही.

याच निबंधातील दुसरे एक विधान आजच्या साऱ्या वाहतुकीच्या मुळाशी आहे. न गोठविलेले नाळरक्त ४ अंशांवर किंवा २५ अंशांवर निदान तीन दिवस ठेवले तरी त्यातील जनकपेशी कार्यक्षम राहतात, असे ते विधान. पुढे इतर लेखनातून त्याचे रूपांतर ‘खोलीच्या तापमानास रक्त टिकते’ या सुटसुटीत वाक्यात झाले, आणि येथेच खानदेशच्या वाचकाने थांबले पाहिजे. २५ अंश हे इंडियानापोलिसच्या प्रयोगशाळेतील खोलीचे तापमान होय. वैशाखात वरणगावी पारा ४५ अंशांच्या घरात जातो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत तो दुपारी चाळिशीच्या आसपास असतो, आणि धाब्याची जुनी घरे सोडली तर रात्रीही फारसा उतरत नाही. मूळ निबंधातील आकडा जाऊन त्या जागी ‘खोली’ हा शब्द आला, तेव्हा शास्त्रीय विधानाचा अर्थ प्रदेशाप्रमाणे बदलू लागला. भाषांतरात असे नेहमी होते. परंतु येथे भाषांतर इंग्रजीतून मराठीत झालेले नसून आकड्यातून शब्दात झालेले आहे. संकलनाच्या पेटीत शीतपिशव्या घालतात हे खरे. तथापि गोठलेल्या शीतपिशवीला रक्ताची पिशवी थेट टेकली तर कडेचे रक्त संरक्षक द्रव्याविना गोठण्याचा संभव असतो, आणि ती हानी पुढे कोणत्याही उपायाने भरून निघत नाही. पेटीच्या आत पूर्ण प्रवासभर तापमान नोंदविणारे साधन आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच माहितीपत्रकातील वर्षांच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

वितळविण्याच्या जलपात्राची गंमत तर आणखी वेगळी. ते सर्वत्र ३७ अंशांचे असते, आणि वैशाखातील वरणगावची दुपार त्याहून उष्ण असते. वितळलेले रक्त पाण्यातून बाहेर काढून ‘खोलीच्या तापमानास’ ठेवणे म्हणजे थंड देशात त्याला निववणे होय. येथे ते त्याला आणखी तापविणे ठरू शकते. सूचना शब्दशः पाळूनही परिणाम उलटा व्हावा, असे हे ठिकाण आहे.

धुण्याविषयीच्या वादाकडे आता वळावयास हवे, कारण या विषयातील सर्वांत मोठा मतभेद तेथेच आहे. न्यूयॉर्क रक्तकेंद्राच्या पाब्लो रुबिनस्टाइन व सहकारी यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने नाळरक्तपेढ्यांच्या कामाला आजचे स्वरूप दिले. तांबड्या पेशी व रक्तद्रव यांचा बराचसा भाग काढून टाकून रक्ताचे आकारमान कमी करणे, आणि वितळविल्यावर डेक्स्ट्रान व अल्ब्युमिन यांच्या द्रावणात ते सावकाश विरल करून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून डीएमएसओ काढून टाकणे, हे त्या पद्धतीचे दोन मुख्य भाग. दुसऱ्या भागाचे मर्म समजण्यासाठी तर्षणाची क्रिया लक्षात घ्यावी लागते. दहा टक्के डीएमएसओ असलेले द्रावण शरीरातील द्रवाच्या मानाने पाच ते सहा पट संहत असते. गोठविण्यापूर्वी पेशी त्या द्रावणात मुरलेली असते, म्हणजे तिच्या आतही डीएमएसओ शिरलेले असते. वितळल्याबरोबर तिला साध्या क्षारजलात टाकले तर बाहेरचे पाणी आत घुसते ते डीएमएसओ बाहेर पडण्याहून कितीतरी जलद. पेशी फुगते आणि फुटते. भिजविलेल्या हरभऱ्याची साल फुटावी तसा हा प्रकार, फक्त तो काही क्षणांत घडतो. डेक्स्ट्रान व अल्ब्युमिन बाहेरच्या द्रवाचा ओढा राखून हे पाणी शिरणे आवरतात. द्रावण थेंबाथेंबाने मिसळावयाचे ते याच कारणास्तव. आणि सूचनापत्रात ‘सावकाश’ या शब्दापुढे मिनिटांचा आकडा नसेल तर तो शब्द निरर्थक होय.

रुबिनस्टाइन यांच्या पद्धतीवर जी टीका झाली ती दोन बाजूंनी. एक बाजू अशी की सेंट्रिफ्यूजमध्ये फिरविताना आणि वरचा द्रव काढताना काही पेशी जातातच, आणि मुळात मोजक्या असलेल्या नाळरक्तात हा व्यय परवडणारा नाही. दुसरी बाजू अशी की डीएमएसओचे भय अवास्तव आहे. १९९३ साली रौली व अँडरसन यांनी न गोठविलेल्या पेशी प्रचलित मात्रेतील डीएमएसओच्या संपर्कात तासभर ठेवून पाहिल्या, तेव्हा जनकपेशींच्या वसाहती निर्माण करण्याच्या शक्तीवर म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही. प्रयोगशाळांतून ‘वितळताच क्षणाचाही विलंब नको, डीएमएसओ विष आहे’ अशी जी घाई शिकविली जाते, तिला या निबंधाने चांगलाच प्रतिबंध केला. घाईत केलेले विरलीकरण हेच पुष्कळदा त्या विषापेक्षा अधिक घातक असते. अर्थात या प्रयोगातील पेशी गोठण्याच्या आघातातून गेलेल्या नव्हत्या. वितळलेली, कातडे आधीच दुबळे झालेली पेशी तोच तास तितक्याच सहजतेने काढील असे त्यावरून सिद्ध होत नाही. उद्धृत करणाऱ्यांपैकी अनेक जण ही मर्यादा सांगत नाहीत.

टोकियोच्या वैद्यांनी २००३ साली न धुतलेल्या नाळरक्ताच्या रोपणांचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि धुण्यावाचूनही रोपण रुजते हे त्यावरून दिसले. मग रुग्णशय्येपाशीच पिशवी वितळवून थेट शिरेत सोडावी, असा पक्ष प्रबळ झाला. त्याची किंमत पुढे कळली. ज्या पिशव्यांतील तांबड्या पेशी काढलेल्या नसतात त्यांतील बहुतेक तांबड्या पेशी गोठण्या-वितळण्यात फुटतात, आणि त्यांचे मोकळे झालेले हिमोग्लोबिन व डीएमएसओ एकदम रक्तात गेल्याने काही रुग्णांत गंभीर प्रतिक्रिया उद्भवल्या. न्यूयॉर्कच्या ज्युलिएट बार्कर व सहकारी यांनी २००९ साली सुचविलेला मध्यममार्ग, म्हणजे अल्ब्युमिन-डेक्स्ट्रानने विरल करावयाचे पण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावयाचे नाही, हा या वादातील सर्वांत समंजस तोडगा वाटतो. यात पेशींचा व्यय टळतो आणि तर्षणाचा आघातही. लहान मुलाच्या बाबतीत मात्र विरलीकरणाने वाढलेले आकारमान आणि वजनाच्या मानाने जाणारे डीएमएसओ यांचा हिशेब वेगळा करावा लागतो. तेथे धुण्याचा पक्ष अद्याप संपलेला नाही.

मतभेद इतकी वर्षे का टिकला, याचे उत्तर मोजमापाच्या पद्धतीत आहे. वितळविल्यानंतर पेशी जिवंत आहेत की नाहीत हे पाहण्याचा रूढ मार्ग म्हणजे ट्रिपॅन ब्ल्यूसारखा रंग देणे. मेलेल्या पेशीचे आवरण रंगाला आत येऊ देते, जिवंत पेशीचे येऊ देत नाही. या परीक्षेत दोन दोष आहेत. नाळरक्तातील केंद्रकयुक्त पेशींचा मोठा भाग कणयुक्त श्वेतपेशींचा असतो. गोठवणीत त्या लवकर मरतात, पण रोपणाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व नाही. ज्यांच्यावर रोपण अवलंबून असते त्या सीडी-३४ खूण धारण करणाऱ्या पेशी एकूण संख्येच्या एक टक्क्याहूनही कमी असतात. म्हणून सरसकट टक्केवारी कधी विनाकारण घाबरविते, कधी खोटा धीर देते. दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. गोठवणीने जखमी झालेली पेशी तत्काळ मरत नाही. तिचे आवरण शाबूत असते, रंग आत जात नाही, आणि ती जिवंतांत मोजली जाते. परंतु तिच्या आत आत्मनाशाची प्रक्रिया सुरू झालेली असते आणि चोवीस तासांत ती संपते. वितळविल्यावर पाच मिनिटांनी मोजणी करणारा संशोधक आणि दुसऱ्या दिवशी मोजणारा संशोधक यांचे आकडे जुळणार नाहीत, मग पद्धत एकच का असेना. ज्या निबंधात मोजणीची वेळ दिलेली नाही, त्यातील टक्केवारी तुलनेस निरुपयोगी समजावी.

या संदर्भात पुण्याच्या विद्यापीठ-परिसरातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात झालेले काम विशेष विचारात घेण्याजोगे आहे. ललिता लिमये व वैजयंती काळे या संशोधिकांनी १९९७ पासून पुढील काही वर्षांत, प्रथम अस्थिमज्जेच्या व नंतर इतर रक्तजनक पेशींच्या गोठवणीवर निबंधांची एक मालिकाच प्रसिद्ध केली. २००३ व २००५ मधील निबंधांत एल. एम. सासनूर या त्यांच्या सहलेखिका आहेत. रूढ माध्यमात कॅटलेज हे विकर आणि ट्रेहॅलोज ही शर्करा यांची भर घालावी, ही त्यांची मूळ सूचना. गोठण्या-वितळण्याच्या आघाताने पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक द्रव्ये निर्माण होतात. कॅटलेज त्याचे पाणी व प्राणवायू यांत विघटन करते. ट्रेहॅलोज पेशीचे आवरण सावरून धरते. कोरड पडली तरी तग धरणाऱ्या कित्येक सूक्ष्म जीवांत ही शर्करा निसर्गतःच आढळते.

परंतु या मालिकेचे खरे महत्त्व त्या दोन द्रव्यांत नाही. ते प्रश्नाच्या बदललेल्या रूपात आहे. पेशी जगली का, एवढ्यावर न थांबता, जगलेली पेशी आपले काम करू शकते का, हे पुण्याच्या प्रयोगांत पाहिले गेले. शिरेत सोडलेली मूलपेशी रक्तातून फिरत अस्थिमज्जेचे ठिकाण शोधून काढते, तेथे चिकटते आणि मग वाढू लागते. तिच्या पृष्ठभागावरील ज्या रेणूंच्या आधारे ती ठिकाण ओळखते ते रेणू गोठवणीने झडले असतील, तर पेशी जिवंत असूनही निरुपयोगी होय. २००५ सालच्या एका निबंधात पेशींचे स्थलांतर व चिकटण्याची शक्ती यांची, तर दुसऱ्यात आत्मनाशाच्या प्रमाणाची तपासणी आहे. आणि दोन्हींत भर घातलेले माध्यम सरस ठरले. मराठी मुलखात झालेले हे काम असूनही त्याची मराठीत चर्चा जवळजवळ झालेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे. पेढ्यांचे रूढ माध्यम आजही मुख्यतः डीएमएसओ व डेक्स्ट्रान हेच राहिले आहे.

तथापि वितळवणीच्या अंगाने पाहता या निबंधांचीही एक मर्यादा आहे. प्रयोग दोन माध्यमांची तुलना करण्यासाठी रचलेले असल्याने वितळविण्याची रीत दोन्ही गटांत एकच ठेवणे भागच होते, आणि ती सरावलेल्या हातांची होती. त्यामुळे चांगल्या वितळवणीत जे माध्यम सरस ठरले ते सदोष वितळवणीतही सरस ठरते काय, म्हणजे पिशवी उशिरा विरल केली, किंवा वितळल्यावर तासभर चाळीस अंशांत पडून राहिली, तर कॅटलेज व ट्रेहॅलोज तिला सावरून धरतात काय, हा प्रश्न या प्रयोगांच्या कक्षेबाहेर राहतो. दाहक द्रव्यांची निर्मिती वितळतेवेळीच विशेष होत असेल, तर या द्रव्यांचा उपयोग वितळविण्याच्या द्रावणातही करून पाहण्यास जागा आहे. वरणगावच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त ठरू शकणारा प्रश्न तोच आहे.

पिशवी न वितळविता तिची परीक्षा कशी करावी, याचे एक उत्तर पेढ्यांनी शोधले आहे. पिशवीला जोडलेल्या नळीचे छोटे तुकडे बंद करून तिच्यासोबतच गोठवितात आणि गरज पडता त्यांतील एक वितळवून पाहतात. वरणगावच्या कामगारांना ही कल्पना सहज कळेल. काडतुसांच्या प्रत्येक खेपेतील काही नग डागून पाहूनच उरलेली खेप पसंत केली जाते. पण साम्य तेथेच संपते. खेपेतील काडतुसे एकसारखी असतात. नळीचा तुकडा व पिशवी एकसारखी नसतात. बारीक नळीतील थोडेसे रक्त पिशवीतील रक्ताहून वेगळ्या वेगाने गोठते आणि वेगळ्या वेगाने वितळते, शिवाय साठवणपात्रातून पिशव्या काढता-घालताना ते चटकन ऊबही धरते. तुकड्याचा आकडा वाईट आला म्हणून पिशवी वाईट ठरत नाही, आणि चांगला आला तरी पिशवी वितळविणाऱ्याच्या हाताविषयी तो काहीच सांगत नाही.

हे सारे केवळ प्रयोगशाळेतील सूक्ष्म भेद नव्हेत, हे एका साध्या गणिताने कळते. रोपणासाठी दर किलो वजनामागे सुमारे अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात, असा एक रूढ दंडक आहे. वीस किलो वजनाच्या मुलाला त्याप्रमाणे पन्नास कोटी पेशी हव्यात. समजा, पिशवीवर साठ कोटींचा आकडा आहे. हा आकडा गोठविण्यापूर्वीचा असतो. वितळविण्यात व धुण्यात पाचवा हिस्सा जरी गेला तरी हाती अठ्ठेचाळीस कोटी येतात, आणि पिशवी दंडकाच्या खाली जाते. कित्येक निबंधांत हा दंडक गोठविण्यापूर्वीच्या संख्येला लावलेला आहे, कित्येकांत प्रत्यक्ष दिलेल्या संख्येला. दोन्ही निबंध एकाच वाक्यात उद्धृत करणारे लेखक हा भेद पाहत नाहीत. पालकांना दाखविला जाणारा आकडा कोणता, हे त्यांनी विचारल्याशिवाय त्यांना कळत नाही.

खानदेशात या आकड्याला विशेष अर्थ आहे. सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्ल, पावरा आदी जमातींत सिकलसेलचा विकार आढळतो, आणि ज्या विकारांत भावंडाचे नाळरक्त उपयोगी पडल्याचा पुरावा आहे त्यांत हा विकार व थॅलसेमिया यांचा समावेश होतो. लोकातेल्ली व सहकारी यांनी २००३ साली अशा ४४ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील एकही दगावले नाही, परंतु काहींच्या बाबतीत रोपण रुजले नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळरक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले आहे, आणि घरात असे आजारी भावंड असेल तर साठवण समर्थनीय मानली आहे. म्हणजे ज्या कुटुंबाला खरोखर पिशवीची गरज आहे ते बहुधा डोंगरपट्ट्यातील, वातानुकूलित दालनापासून सर्वांत दूरचे; आणि त्याच्यापाशी दुसरी पिशवी नाही.

औषधनियमांत २०११ च्या दुरुस्तीने नाळरक्तपेढ्यांसाठी जो स्वतंत्र भाग घातला गेला, त्याच्या शीर्षकात संकलन, प्रक्रिया, चाचणी, साठवण व वितरण हे शब्द आहेत; वितळविणे हा शब्द नाही. अमेरिकेत त्याच वर्षी न्यूयॉर्क रक्तकेंद्राच्या नाळरक्ताला औषध म्हणून परवाना मिळाला तेव्हा ते वितळविण्याचा विधी सोबतच्या माहितीपत्रकात छापावा लागला. विधी वस्तूचाच भाग मानण्याची ही दृष्टी येथे येण्यास अडचण कोणती, हे समजत नाही.

यातील काही प्रश्न सोडविण्यास फार मोठी सामग्री लागत नाही. बहुसंख्य प्रसूतींत नाळरक्त वारेबरोबर टाकूनच दिले जाते. मातेच्या संमतीने व नैतिक समितीच्या अनुमतीने मिळालेला एकेक नमुना चार भागांत विभागून, दोन भाग गोठविण्यापूर्वी २५ अंशांत व दोन ४० अंशांत ठेवावेत. वितळविल्यावर प्रत्येक जोडीतील एक सावकाश व एक एकदम विरल करावा, आणि जिवंत पेशींची मोजणी तत्काळ व चोवीस तासांनी अशी दोनदा करावी. सूक्ष्मदर्शक यंत्र, ट्रिपॅन ब्ल्यू आणि गुरांच्या दवाखान्यात असते तसे द्रव नत्राचे पात्र जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू शकते. वसाहतींच्या मोजणीला मात्र चौदा दिवस व अधिक सुसज्ज प्रयोगशाळा लागते; त्यासाठी नमुने पुण्यास न्यावे लागतील, आणि तो प्रवास किती तासांत व किती अंशांत झाला, हेही निबंधात नोंदवावे लागेल.